कोर्टात ठरलेलं लग्न

मल्लेश्वरमच्या आमच्या घरात आम्ही दोघंच राहत होतो, अण्णा आणि मी. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी नोकरी सर्व्हे खात्यात नकाशे काढण्यात गेली, आणि जन्मभर दौतीवर वाकून बसल्यामुळे की काय, त्यांना माणसांकडं मान वर करून बोलायची सवयच राहिली नव्हती. मी शाळेच्या शेवटच्या वर्गात असताना आई गेली. परीक्षा झाल्यावर अण्णा म्हणाले, ''आता स्वल्प दिवस घर सांभाळ, कावेरी. कॉलेजचं मग पाहू.'' त्या स्वल्प दिवसांची तीन वर्षं झाली होती. सकाळी कॉफीच्या बिया दळायच्या यंत्राचा आवाज, मग रहाटाची करकर, मग स्टेशनातून सुटणाऱ्या गाडीची शिट्टी, आणि त्यानंतर दुपारी टपाल येईपर्यंत काहीच नाही. अण्णा जेवताना बोलत नसत. सार, भात, एक भाजी, शेवटी दहीभात. वाढताना पळी भांड्याला लागली तरी मला दचकायला व्हायचं, इतकी ती स्वयंपाकघरातली शांतता दाट होती. वयानं मी एकोणीस वर्षांची होते, आणि दिवसचे दिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नसे.

आमच्या अंगणापलीकडं दोन खोल्यांचं, मंगळूरी कौलांचं एक छोटं घर होतं. त्याला आम्ही मागचं घर म्हणत असू. तिथं अण्णांचे थोरले भाऊ राहायचे. ते वारले आणि घर रिकामं झालं. त्या काळी बंगळूरात कुणाचीही जागा रिकामी झाली की मालकानं ठरलेल्या दिवसांच्या आत रेंट कंट्रोलरच्या कचेरीत तसं लिहून कळवायचं, अशी सक्ती होती. मग ती कचेरी सांगेल त्याला, बांधून दिलेल्या भाड्यात, जागा द्यायची. मालकाला आवडनिवड नाही. शेजारचे लोक जागेत पाहुणा आहे, पुतण्या आहे, असं काहीबाही सांगून ते टाळायचे. अण्णांनी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला आणि स्वतः नेऊन दिला. ''कायदा म्हणजे कायदा,'' ते म्हणाले. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढं जे झालं ते वाचून कुणाला वाटेल की माझे वडील खोटं बोलणारे होते. तसे ते नव्हते.

कचेरीची चिठ्ठी घेऊन आले ते निपाणीकर. बेळगावकडचे, सरकारी कचेरीत कारकून. नवं राज्य झाल्यावर तिकडची खाती इकडं आली आणि खात्यांबरोबर ही माणसंही आली. बरोबर त्यांची तीन वर्षांची मुलगी मंगल आणि बायको. मी त्यांना वहिनी म्हणायला लागले. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, ''वहिनी, नीर पाहिजे तर नळ इकडं आहे,'' आणि त्या पदराआड हसल्या. ''अगं, पाणी म्हण की. नीर काय?'' आमच्या घरात तीनशे वर्षं मराठी बोलली जात होती, पण तिला कानडीचा असा रंग चढलेला होता की आम्हाला तो दिसतही नव्हता. वहिनींनी तो दाखवला, आणि मला त्याचं वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटलं, कारण कुणीतरी माझं बोलणं लक्ष देऊन ऐकलं होतं.

थंडीत अवरेकाळूचे दिवस आले. ते दाणे रात्रभर भिजवायचे आणि सकाळी एकेक चिमटीत धरून दाबायचा, की साल हातात राहते आणि आतली डाळ टुपकन भांड्यात पडते. हे काम एकट्यानं करण्यासारखं कंटाळवाणं दुसरं काही नसेल. आई गेल्यापासून मी ते करणंच सोडून दिलं होतं. वहिनींनी माझ्या हातातला दाणा निरखून पाहिला. ''हे आमच्याकडचे पावटेच की. पण असं नागडं करून कोण खातं?'' मग आम्ही दोघी अंगणात पाट टाकून बसलो. मंगल डाळी वेचून खात होती आणि वहिनी बोलत होत्या: माहेरच्या म्हशीबद्दल, सासूच्या चष्म्याबद्दल, इथल्या भाजीवाल्यांबद्दल, जे त्यांच्या कानडीला हसायचे, कारण धारवाडकडची कानडी इथं कुणाला कळत नव्हती. संध्याकाळी त्या मला गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी द्यायच्या. ती मी उभ्यानंच खायची आणि घरी येऊन अण्णांबरोबर पुन्हा जेवायची. ती दोन वर्षं मी किती बोलले असेन, त्याला गणती नाही. आज एवढ्या वयात मला कुणी बडबडी म्हणतं, तेव्हा मला त्या अंगणाची आठवण होते.

मग कौलं गळायला लागली. निपाणीकरांनी अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, ''पाहू.'' महिन्यानं पुन्हा सांगितलं, पुन्हा ''पाहू.'' ते टाळत नव्हते, मला खात्री आहे. आपल्या थोरल्या भावाच्या घरावर गवंडी चढवायचा, हेच त्यांच्या हातून होत नव्हतं. ते घर होतं तसं राहावं, असं त्यांना वाटत असावं. पण एका संध्याकाळच्या पावसात मंगलच्या अंथरुणावरच धार लागली, पोर तापानं फणफणली, आणि निपाणीकरांनी, जन्माचे कारकून असल्यामुळे, जे त्यांना येत होतं ते केलं. त्यांनी अर्ज केला.

कचेरीतला एक इन्स्पेक्टर आला. भर सकाळी, शेजारपाजारचे लोक दारात उभे असताना, त्यानं अण्णांना मागच्या घरात बोलावलं, काठीनं छपराकडं दाखवलं आणि मोठ्यानं सांगितलं, की घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि मालकानं दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करून घेईल. त्यानं काही चुकीचं सांगितलं नाही. पण अण्णा आपल्याच अंगणात, आपल्याच चपलांकडं बघत उभे होते, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते पाहत होते. आठवड्याच्या आत कौलं बदलली. त्यानंतर अण्णा निपाणीकरांशी एक अक्षर बोलले नाहीत. भाड्याची पावती लिहून पायरीवर दगडाखाली ठेवायचे.

नंजुंडय्या वकील हे अण्णांचे शाळेपासूनचे मित्र. एका रविवारी ते आले. मी कॉफी घेऊन गेले तेव्हा अण्णा म्हणत होते, ''माझं घर मला परत पाहिजे, बस्स.''

''तुझं घर आहे म्हणून तुझ्या हातात आहे, असं समजू नको,'' नंजुंडय्या कानडीत म्हणाले. ''त्यांचं पाणी तोडायचं नाही. दिवा तोडायचा नाही. भाडं चढवायचं नाही. तोंडी जा म्हणून सांगितलंस, तर ते जाणार नाहीत आणि त्यांनी जायचं कारणही नाही. आता कोर्टातच जायचं, आणि तिथं एकच गोष्ट चालेल. तुला स्वतःला राहायला जागेची खरी गरज आहे, हे दाखवायला हवं.''

''आम्ही दोघंच तर आहोत.''

नंजुंडय्यांनी माझ्या हातातून कप घेतला. ''हिचं लग्न ठरलंय म्हण. जावई बंगळूरात राहणार, त्याला जागा हवी. मुन्सफाला दोन्हीकडची अडचण तोलावी लागते. मुलीच्या लग्नापुढं दुसरी अडचण टिकत नाही.''

मी आत गेले. चुलीवर दूध होतं, ते उतू जाईपर्यंत मी त्याच्याकडं बघत राहिले. आई गेल्यापासून माझ्या लग्नाचा विषय आमच्या घरात एकदाही निघाला नव्हता. पत्रिका कपाटात होती. ती कुणाकडं गेली नव्हती. मी गेले तर अण्णांना वाढणार कोण, हा प्रश्न आम्ही दोघांनीही कधी तोंडातून काढला नव्हता. आणि आता लग्न ठरलं होतं.

रात्री ताटावर बसल्यावर अण्णा म्हणाले, ''कोर्टात तुला विचारतील. हो म्हणायचं. दुसरं काही नको.''

''कुणाशी ठरलंय, अण्णा?''

''तुमकूरचे आपले माधवराव आहेत ना. त्यांचा मुलगा. नाव घालायला ते सरी म्हणालेत, चालेल म्हणून.''

''त्याला ठाऊक आहे?''

''तो भिलाईला असतो,'' अण्णा म्हणाले आणि भात कालवायला लागले.

कोर्टाची नोटीस पोचली त्या दिवशी मी घराबाहेर पडले नाही. पण वहिनीच अंगण ओलांडून आल्या. मला वाटलं, भांडायला आल्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. ''काय गं हे? लग्न ठरलं आणि आम्हाला कोर्टानं सांगायचं? मला सांगायचीस की.'' त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते घर जाणार म्हणून आलं की माझ्यासाठी, ते मला कळलं नाही. मी मान खाली घातली. त्यांना ती लाज वाटली. ''हे लढतील हो कोर्टात, लढावं लागणार. जागा कुठं मिळते आहे? पण तू मनावर घेऊ नको. कसा आहे तो?''

मी म्हणाले, बरा आहे. मग म्हणाले, उंच आहे. चष्मा लावतो. त्याला गाणं आवडतं. एकेक वाक्य बोलताना मला असं वाटत होतं, की अंधाऱ्या खोलीत मी एकेक दिवा लावते आहे. खोटं बोलण्यात इतकं सुख असेल हे मला ठाऊक नव्हतं. नंतरच्या आठवड्यांत वहिनी विचारत गेल्या आणि मी सांगत गेले: त्याच्या आईचा स्वभाव, त्याला आवडणारी कोशिंबीर, त्यानं पाठवलेलं पत्र. दुपारी एकटी असताना मी त्या पत्राला काय उत्तर द्यावं, याचाही विचार करायची.

कोर्टाच्या दिवशी मी आईची जांभळी साडी नेसले होते. आतली खोली लहान होती, वर पंखा फिरत होता, आणि बाकावर निपाणीकर हातात छत्री घेऊन बसले होते. मुन्सफ वयस्कर होते. त्यांनी मला कानडीत, अगदी घरच्या माणसानं विचारावं तसं विचारलं, ''मुली, तुझं लग्न ठरलं आहे का?''

''हो.''

''तुझ्या संमतीनं?''

हा प्रश्न नंजुंडय्यांनी शिकवला नव्हता. मी अण्णांकडं पाहिलं. ते आपल्या हातांकडं बघत होते. ''हो,'' मी म्हणाले. निपाणीकरांच्या वकिलानं विचारलं, मुलगा काय करतो, कुठं असतो, बंगळूरात कधी येणार. मी न अडखळता सगळं सांगितलं. महिनाभर मी वहिनींपाशी त्याचाच तर सराव करत होते. माझी साक्ष फार चांगली झाली, असं नंजुंडय्या बाहेर आल्यावर म्हणाले.

निकाल अण्णांच्या बाजूनं लागला. जागा सोडायला निपाणीकरांना मुदत मिळाली. मुदत संपायच्या आधीच त्यांनी हातगाडी आणली. वहिनींनी मला देवापुढं बसवून कुंकू लावलं, खण-नारळानं ओटी भरली आणि माझ्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या चढवल्या. ''लग्नाला बोलाव हं. यशवंतपूरकडं राहणार आम्ही, लांब नाही,'' त्या म्हणाल्या. मंगल हातगाडीवर गाठोड्यांच्या मधोमध बसली होती आणि मजा वाटून हात हलवत होती. गाडी वळणाआड गेली तशी मी मागच्या घरात शिरले. भिंतीवर मंगलनं कोळशानं काढलेल्या रेघा होत्या. चुलीच्या कोपऱ्यात अजून ऊब होती.

कायद्याला एक शेपूट होतं, ते आम्हाला नंजुंडय्यांनी नंतर सांगितलं. स्वतःला राहायला म्हणून घर मिळवलं, तर त्यात खरोखर राहायला हवं. ते तसंच पडून राहिलं किंवा दुसऱ्या कुणाला दिलं, तर आधीच्या भाडेकरूला अर्ज करून पुन्हा आत येता येतं. ''घर वापरात दिसलं पाहिजे,'' ते म्हणाले. ''लग्न लांबलं म्हणून सांगू. पण दार बंद दिसता कामा नये.''

तेव्हा मी तिथं राहायला लागले. दुपारची भांडी झाली की अंगण ओलांडून जायची, दार-खिडक्या उघडायची, चूल पेटवायची, दोरीवर दोन साड्या आणि अण्णांचं एक धोतर वाळत घालायची, आणि दिवेलागणीला दिवा लावून, थोड्या वेळानं तो मालवून परत यायची. एक संसार चालू आहे असं दिसावं, एवढंच माझं काम होतं. मी तिथं भात शिजवायची, तो घरी आणून आम्ही खायचो. शेजारणी कुंपणावरून विचारायच्या, ''जावई कधी येणार गं, कावेरी?'' मी म्हणायची, ''त्यांना रजा मिळत नाही.'' थंडीत पुन्हा अवरेकाळू आले. मी ते आणले, भिजवले आणि त्या अंगणात पाट टाकून बसले. एक शेर दाणे सोलायला सबंध दुपार गेली. टुप, टुप, एवढाच आवाज. एकदा मी मोठ्यानं म्हणाले, ''हे पावटेच की,'' आणि माझा आवाज इतका परका वाटला की मी उठून हात धुतले आणि उरलेले दाणे तसेच गाईपुढं टाकले.

आता जे. पी. नगरात माझा छोटा फ्लॅट आहे आणि त्यातली एक खोली मी कॉम्प्युटर कंपनीत काम करणाऱ्या एका मुलीला भाड्यानं दिली आहे. अकरा महिन्यांचा छापील करार. तिनं न वाचताच सही केली. मी तिला बसवून प्रत्येक कलम वाचून दाखवलं. ती म्हणाली, ''आंटी, इतकं कोण बघतं?'' तिच्या खोलीत थोडीशी ओल दिसली तरी मी त्याच दिवशी माणूस बोलावते.

मागच्या घरात मी दिवा लावत होते त्या वर्षाच्या अखेरीला एका सकाळी, मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉस रस्त्यावरच्या बाजारात फुलं घेत असताना, कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. वहिनी होत्या. जरा वाळल्या होत्या. त्यांची नजर माझ्या गळ्याकडं गेली आणि लगेच फुलांकडं वळली. मंगल शाळेत जाते, त्यांनी सांगितलं. निपाणीकरांची बदली धारवाडला झाली आहे, येत्या आठवड्यात निघणार. मी हं हं करत होते. शेवटी मला राहवलं नाही.

''वहिनी, माझं लग्न झालं नाही.''

''ठाऊक आहे गं.''

''ते ठरलंच नव्हतं.''

''तेही ठाऊक आहे.'' त्यांनी मला रस्त्याच्या कडेला, गर्दीतून बाजूला घेतलं. ''आधी म्हणालीस तो चष्मा लावतो. मग एकदा म्हणालीस त्याची नजर इतकी चांगली की रात्री सुईत दोरा ओवतो. मी ह्यांना सांगितलं. कोर्टाच्या आधीच.''

''मग तुम्ही कोर्टात का नाही सांगितलंत?''

''हे म्हणाले, काय सांगू? पोरगी खोटं बोलते म्हणून? तिच्यासमोर?'' त्यांनी फुलांची पुडी दुसऱ्या हातात घेतली. ''आणि नंतरही वकील म्हणत होते, घर रिकामंच आहे, अर्ज करा, नक्की परत मिळेल. जागेचे फार हाल झाले गं आमचे; एका खोलीत तिघं. मी म्हटलं, करू या की अर्ज. पण हे नको म्हणाले. म्हणाले, अर्ज केला तर तिला पुन्हा तिथं उभं करतील, आणि या वेळी तिला बापाविरुद्ध बोलावं लागेल, नाही तर पुन्हा खोटं. लग्नाची पोरगी आहे. गावभर होईल.''

वहिनींनी आपल्या पुडीतला शेवंतीचा गजरा काढून माझ्या केसांत खोवला, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ''येते हं. मंगल घरी येईल इतक्यात.'' पुढच्याच वळणावर त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या.

त्या दिवशी जेवताना मी अण्णांना सगळं सांगितलं. वाढत वाढत सांगितलं, थांबले नाही. अण्णांचा हात ताटात तसाच राहिला. दहीभात समोर होता, त्याला त्यांनी बोट लावलं नाही. माझ्याकडं त्यांनी मान वर करून पाहिलं, आणि मला वाटलं, आता ते रागावतील, किंवा निदान नंजुंडय्यांना दोष देतील.

''धारवाडचा पत्ता घेतलास?'' त्यांनी विचारलं.

मी घेतला नव्हता. वहिनींनीही दिला नव्हता.

''घ्यायला हवा होतास,'' अण्णा म्हणाले, आणि दहीभात तसाच ठेवून दौत आणि कागद काढायला उठले.